एका ट्रिप चॅनेलचं डिजिटलीकरण: अणुवीज केंद्रात सेन्सरपासून रिलेपर्यंत

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. त्यांचं व्यावसायिक उत्पादन २००६ आणि २००५ मध्ये सुरू झालं. आधी ४, मग ३. भट्टी तातडीने बंद करण्यासाठी तिथे दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. पहिलीत कॅडमियमचे २८ शटऑफ रॉड वरून गाभ्यात पडतात. दुसरीत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण थेट मॉडरेटरमध्ये, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात, सोडलं जातं. वरचे रॉड विद्युतचुंबकी क्लचने धरून ठेवलेले असतात. क्लचचा प्रवाह तुटला की रॉड सुटतात. त्यासाठी मोटर लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही.

तो प्रवाह केव्हा तोडायचा हे ठरवणारी साखळी म्हणजे ट्रिप चॅनेल. अशी तीन चॅनेल असतात आणि त्यांतल्या दोघांनी ट्रिप, म्हणजे भट्टी बंद करण्याचा आदेश, दिला की रॉड पडतात. या लेखात असं एक चॅनेल घेऊ, प्राथमिक शीतकाचा (गाभ्यातली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचा) दाब वाढल्यावर ट्रिप देणारं, आणि जुन्या ॲनालॉग कार्डांच्या जागी डिजिटल यंत्रणा बसवताना काय काय करावं लागतं ते क्रमाने पाहू. रेंज ० ते १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरू. हे आणि पुढचे सेटपॉइंटचे (ज्या मूल्याला ट्रिप द्यायचा त्याचे) आकडे हिशोब दाखवण्यापुरते आहेत. प्रत्येक केंद्राचे खरे आकडे त्याच्या मंजूर कागदपत्रांतूनच घ्यायचे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ॲनालॉग कार्ड बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी दिसतं: काटा सरकतो, थरथरतो, तळाला जाऊन बसतो. डिजिटल यंत्रणा बिघडली की आकडा गोठू शकतो. पडद्यावर ८७.४ लिहिलेलं असतं, रंग हिरवा असतो आणि ते मूल्य वीस मिनिटांपूर्वीचं असतं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहायचा: हा भाग मेला तर बाहेर काय दिसेल, आणि चॅनेल कोणत्या बाजूला झुकेल?

जुनं चॅनेल आधी पूर्ण वाचून काढा

नवीन पॅनेलची ऑर्डर देण्याआधी हे काम करायचं. जुन्या ड्रॉइंगवर कार्डांची नावं मिळतात, पण ती कार्डं न सांगता जे करत होती ते मिळत नाही. इनपुटवरचा एखादा कपॅसिटर ५० मिलिसेकंदांचं फिल्टर म्हणून काम करत असतो. रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, उचलायला आणि सोडायला वेगवेगळा वेळ घेतो. मर्यादेशी तुलना करणाऱ्या कंपॅरेटरमध्ये थोडा हिस्टेरेसिस असतो, म्हणजे ट्रिप देण्याची आणि मागे घेण्याची पातळी थोडी वेगळी असते, त्यामुळे दाब मर्यादेजवळ डोलत असतानाही रिले फडफडत नाही. नव्या यंत्रणेच्या गरजपत्रात या गोष्टी उतरल्या नाहीत, तर त्या गायब होतात आणि पहिल्याच स्टार्टअपला विनाकारण ट्रिप येतो.

जागेवर जाऊन चार गोष्टी लिहून घ्या. सप्लाय गेला, वायर तुटली, कार्ड उपटलं, तर आउटपुट काय होतं, हे शटडाउनमध्ये प्रत्यक्ष करून बघा. ट्रान्समीटरवर (दाब मोजून विद्युत सिग्नल देणाऱ्या उपकरणावर) ठरावीक दराने चढता दाब देऊन रिले उघडेपर्यंतचा वेळ मोजा. गेल्या काही वर्षांच्या कॅलिब्रेशन शीटवरून दुरुस्तीपूर्वीची रीडिंग काढा. चॅनेल दरवर्षी किती सरकतं ते तिथूनच कळतं. आणि प्रत्येक केबलचा फेरूल नंबर (वायरच्या टोकावरचा क्रमांक) ड्रॉइंगशी पडताळा. जुन्या केंद्रात ड्रॉइंग आणि टर्मिनल स्ट्रिप यांचं सगळीकडे जुळेल असं गृहीत धरू नका.

याच टप्प्यावर वर्गवारी ठरते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पद्धतीत सुरक्षेची सर्वात महत्त्वाची उपकरणं आय-ए वर्गात, त्यानंतरची आय-बी आणि आय-सी वर्गांत मोडतात. आपलं ट्रिप चॅनेल आय-ए. जड पाण्याच्या भट्ट्यांमधल्या संगणकाधारित यंत्रणांसाठी मंडळाचा डी-२५ हा सुरक्षा मार्गदर्शक आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर एकंदर रचनेसाठी आयईसी ६१५१३ आणि सर्वोच्च वर्गाच्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६०८८० वापरतात. वर्ग आधी ठरला नाही तर पुढची सगळी कागदपत्रं दोनदा लिहावी लागतात.

ट्रान्समीटर आणि इंपल्स लाइन

डिजिटल कामाच्या गडबडीत या भागाकडे लक्ष कमी जातं, कारण इथे काही बदलत नाही. पण प्रोसेसर कितीही चांगला असला तरी त्याला जग दिसतं ते या पाव-अर्धा इंची नळीतूनच.

इंपल्स लाइनला, म्हणजे दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या या नळीला, सलग उतार ठेवा, मध्ये पोट पडू देऊ नका. पोटात गाळ साचतो, उंचवट्यावर वायूचा बुडबुडा अडकतो. बुडबुडा असला की रीडिंग बरोबर येतं पण उशिरा येतं, आणि साध्या कॅलिब्रेशनमध्ये हा दोष सापडत नाही, कारण कॅलिब्रेशनमध्ये आपण दाब देऊन स्थिर होण्याची वाट बघतो. ट्रान्समीटरमधलं भरण-तेल झिरपून गेलं तरी असंच होतं. अमेरिकेच्या अणू नियामक आयोगाने १९९० मध्ये बुलेटिन ९०-०१ काढलं ते याच दोषामुळे. तेल हळूहळू कमी होतं, उपकरण मंदावतं आणि वरून निरोगी दिसत राहतं.

यावर डिजिटल यंत्रणा एक खरी मदत करते, ती जरूर घ्या. खऱ्या प्रक्रियेतला सिग्नल कधीच सपाट नसतो. पंपांमुळे, प्रवाहातल्या खळबळीमुळे तो सतत बारीक थरथरत असतो. प्रत्येक चॅनेलच्या दहा मिनिटांच्या नमुन्यांचं प्रमाण विचलन काढा आणि तिन्ही चॅनेलांची एकमेकांशी तुलना करा. दोघांची थरथर सारखी आणि तिसऱ्याची निम्मी असेल, तर तिसऱ्याची लाइन चोंदत आली आहे, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला आहे किंवा ट्रान्समीटर मंद झाला आहे. थरथर शून्य झाली असेल तर मॅनिफोल्डचा (ट्रान्समीटरजवळच्या व्हॉल्व्ह-संचाचा) व्हॉल्व्ह बंद राहिला आहे किंवा आकडा गोठला आहे. हे विश्लेषण मात्र ट्रिपच्या संगणकात करू नका, बाजूच्या निरीक्षण संगणकात करा. ट्रिपचा संगणक जितका कमी काम करेल तितका बरा.

न्यूट्रॉन फ्लक्सच्या बाबतीत सेन्सरची निवडच वेग ठरवते. व्हॅनेडियमचा, बाहेरून वीज न लागणारा डिटेक्टर अचूक असतो, पण त्याचा सिग्नल ३.७५ मिनिटांच्या अर्धायुष्यावर चालतो. म्हणून तो फ्लक्सचा नकाशा काढायला वापरतात. संरक्षणासाठी कोबाल्टसारखा तत्काळ प्रतिसाद देणारा लागतो. सॉफ्टवेअरने मंद सेन्सर वेगवान होत नाही. गणिताने भरपाई करायला गेलं की नॉइजही तितकाच वाढतो.

लूप, रोधक आणि नमुने घेण्याचा वेग

ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँप देतो. तो प्रवाह २५० ओहमच्या रोधकातून गेला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. १०६ किलो दाबाला प्रवाह १५.३०७ मिलिअँप आणि व्होल्टेज ३.८२७ येतं.

आता रोधक १ टक्का सहनशीलतेचा लावला आणि तो नेमका २४७.५ ओहमचा निघाला असं धरा. संगणकाला १०६ दिसेल तेव्हा खरा दाब १०७.४५ असेल. एका छोट्या रोधकाने जवळजवळ दीड किलो खाल्ले. त्याच जागी ०.०१ टक्क्याचा, कमी तापमान-गुणांकाचा रोधक लावला तर चूक दीड शतांश किलोच्या आसपास राहते. त्यासमोर व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या कन्व्हर्टरचे बिट दुय्यम ठरतात: ० ते १० व्होल्टच्या १२ बिट कन्व्हर्टरवर एक पायरी ०.०९ किलोची, १६ बिटवर ०.००६ किलोची. १६ बिटचं कार्ड घेऊन १ टक्क्याचा रोधक लावण्यात काही अर्थ नाही.

शील्ड एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकं अर्थ केली की दोन अर्थांमधल्या फरकाचा प्रवाह शील्डमधून वाहतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते. ट्रिप चॅनेलच्या केबल पॉवर केबलच्या ट्रेमध्ये टाकू नका, आणि तीन चॅनेलांच्या केबल एकमेकांच्या ट्रेमध्येही नकोत. एका आगीत तिन्ही जाता कामा नयेत.

आता नमुने घेण्याच्या वेगाचा सापळा. समजा स्कॅन ४० मिलिसेकंदांचा ठेवला, म्हणजे सेकंदाला २५ नमुने. ग्रिड नेमकी ५० हर्ट्झला असेल तर प्रत्येक नमुना गुणगुणीच्या त्याच बिंदूवर पडतो आणि रीडिंगमध्ये एक स्थिर चूक बसते. ग्रिड ४९.९ वर घसरली की ती चूक दर १० सेकंदांनी वरखाली होणारी संथ लाट बनते. पडद्यावर दाब खरोखरच डोलतो आहे असं वाटतं. प्रक्रियावाले पंप तपासतात, इन्स्ट्रुमेंटवाले ट्रान्समीटर बदलतात, आणि लाट तशीच राहते. एकदा नमुने घेऊन झाले की ही लाट सॉफ्टवेअरच्या फिल्टरने काढता येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो खराच संथ सिग्नल असतो. उपाय कन्व्हर्टरच्या आधीच करायचा. तिथे १०० मिलिसेकंद कालांकाचं साधं रोधक-कपॅसिटर फिल्टर ५० हर्ट्झला सुमारे ३१ पट दाबतं. किंवा २० मिलिसेकंद सलग सरासरी घेणारा इंटिग्रेटिंग कन्व्हर्टर वापरा, त्यात ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट आपोआप शून्य होते.

फिल्टर घातलं की वेळेचा हिशोब बदलतो. तो असा मांडा: ट्रान्समीटर २०० मिलिसेकंद, फिल्टर १००, स्कॅन १००, आउटपुट ५०, रिले २०, एकूण ४७०. इथे स्कॅन ५० मिलिसेकंदांचा असूनही १०० धरला आहे. कारण नमुना घेतल्याच्या पुढच्याच क्षणी दाब मर्यादा ओलांडू शकतो. मग तो दिसायला एक स्कॅन आणि हिशोबाला दुसरा लागतो. सुरक्षा विश्लेषणात चॅनेलला ५०० मिलिसेकंद दिलेले असतील तर आपण त्यात बसलो, पण ३० मिलिसेकंदांनीच. सरासरी वेळ इथे कामाची नाही. नेहमी वाईटात वाईट वेळ घ्या आणि प्रत्यक्ष मोजून सिद्ध करा.

सेटपॉइंट

विश्लेषणातली मर्यादा १०८ किलो आहे असं धरू. ट्रान्समीटरची अचूकता ०.५ टक्का, तापमानाचा परिणाम ०.५, दोन कॅलिब्रेशनमधलं सरकणं ०.५, कार्डाची चूक ०.१, सगळे टक्के स्पॅनचे, म्हणजे १५० किलोच्या पूर्ण रेंजचे. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं: ०.८७ टक्के, म्हणजे १.३१ किलो. १०८ मधून वजा केले की १०६.६९ उरतात. सेटपॉइंट १०६ वर ठेवा. वेट लेगच्या (पाण्याने भरलेल्या इंपल्स लाइनच्या) उंचीसारखी एकाच दिशेची चूक वर्गमुळात घालू नका, ती सरळ वजा करा. आणि वरच्या १ टक्क्याच्या रोधकाची चूक आठवा: ती एकटीच या सगळ्या तरतुदीपेक्षा मोठी होती.

सॉफ्टवेअर: ट्रिप का देऊ नये, हे सिद्ध करायला लावा

कॅनडातल्या डार्लिंग्टन केंद्रात दोन्ही शटडाउन यंत्रणा संगणकावर चालवायचं ठरलं, तेव्हा सॉफ्टवेअर पुरेसं तपासलं आहे हे नियामकाला पटवण्यातच बराच काळ गेला. प्रत्येक अट तक्त्यात मांडून, प्रोग्रामचा तुकडान् तुकडा त्या तक्त्याशी ताडून पाहावा लागला. तक्त्यात लिहिण्याची ती पद्धत आजही सर्वात उपयोगी आहे, असं आमचं मत आहे. डाव्या रकान्यांत इनपुटची प्रत्येक शक्य अवस्था, उजवीकडे आउटपुट, आणि एकही ओळ रिकामी नाही.

ही ओळ बघा: "दाब १०६ पेक्षा जास्त असेल तर ट्रिप दे." वाचायला बिनचूक आहे. पण कुठल्यातरी भागाकारात गडबड होऊन दाबाच्या जागी "संख्या नव्हे" असं फ्लोटिंग पॉइंट मूल्य आलं, तर त्याच्याशी केलेली कोणतीही लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते. "१०६ पेक्षा जास्त आहे का?" नाही. ट्रिप येत नाही. चॅनेल आंधळं झालेलं असतं आणि शांत असतं. म्हणून अट उलटी लिहा: "दाब वैध आहे आणि १०६ किंवा त्याहून कमी आहे, हे सिद्ध झालं तरच निरोगी सिग्नल दे, बाकी सर्व वेळी ट्रिप." आता तेच खराब मूल्य चॅनेलला ट्रिपकडे ढकलतं. शक्य असेल तिथे फ्लोटिंग पॉइंट टाळा आणि कन्व्हर्टरच्या पूर्णांकांवरच तुलना करा.

वैधतेची सीमाही तक्त्यात हवी. उच्च दाबाच्या ट्रिपसाठी तुटलेली वायर धोकादायक बाजूला जाते: प्रवाह शून्य, दाब कमी, सगळं ठीक. त्यामुळे ३.६ मिलिअँपच्या खाली आणि २१ च्या वर गेलेला सिग्नल म्हणजे त्या चॅनेलचा ट्रिप.

प्रोग्रामची चौकट साधी ठेवा. ठरावीक लांबीचं एकच चक्र: वाच, तपास, तुलना कर, लिही, स्वतःची चाचणी घे, पुन्हा सुरू. घड्याळाखेरीज दुसरा इंटरप्ट नको, चालू असताना मेमरी मागणं नको, शेवट ठरलेला नाही असं लूप नको. दर चक्रात प्रोग्राम मेमरीचा एक तुकडा घेऊन चेकसम (मजकूर बदलला नाही ना ते दाखवणारी पडताळणीची बेरीज) मोजत जा आणि रॅमची चाचणीही तुकड्यातुकड्यांनी घ्या. बाहेर स्वतंत्र हार्डवेअर वॉचडॉग हवा, म्हणजे वेळेत पल्स मिळाली नाही तर ट्रिप देणारं सर्किट. त्याला पल्स टायमरच्या रूटीनमधून देऊ नका, मुख्य चक्र पूर्ण झाल्यावरच द्या. टायमरमधून दिली तर मुख्य प्रोग्राम अडकून पडला तरी वॉचडॉगचं समाधान होत राहतं. गोठण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

तपासणारी टोळी प्रोग्राम लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळी असावी आणि तिचा वरिष्ठही वेगळा. कंपायलरची आवृत्ती गोठवा, ऑप्टिमायझेशन बंद ठेवा आणि कार्डात भरलेल्या प्रतीचा चेकसम भांडारातल्या मंजूर प्रतीशी दोन माणसांनी मिळून जुळवा. भारतात अशा कामासाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीपीएलसी-३२ हा प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर विकसित केला आहे. तयार, पडताळलेल्या फंक्शन ब्लॉकमधून लॉजिक जोडलं की तपासण्याचं क्षेत्र आटोक्यात येतं.

एवढं करूनही एक चूक उरते: तिन्ही चॅनेलांत एकच प्रोग्राम असेल, तर त्यातला दोष तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी उठेल. मतदान त्यावर उपाय नाही. उपाय म्हणजे दुसरी शटडाउन यंत्रणा वेगळ्या हार्डवेअरवर, वेगळ्या लोकांनी, शक्यतो वेगळी राशी मोजून बनवणं. आणि कंट्रोल रूममधलं हाताने ट्रिप द्यायचं बटण कोणत्याही संगणकातून न जाता थेट क्लचच्या सर्किटमध्ये जोडणं.

मतदान आणि शेवटचे सहा संपर्क

कॅन्डू (कॅनडाच्या रचनेच्या जड पाण्याच्या) घराण्यातल्या भट्ट्यांत पहिल्या शटडाउन यंत्रणेच्या तीन चॅनेलांना डी, ई, एफ म्हणतात. कोणत्याही दोघांनी ट्रिप म्हटलं की रॉड पडतात. रिलेच्या भाषेत तीन समांतर फांद्या, प्रत्येकीत दोन संपर्क ओळीने: डी-ई, ई-एफ, एफ-डी. निरोगी असताना सगळे रिले उचललेले, संपर्क बंद, क्लचला प्रवाह चालू. डी सुटला तर दोन फांद्या तुटतात आणि ई-एफ क्लचला धरून ठेवते. दोन सुटले की तिन्ही तुटतात.

आता डी-ई फांदीतला डीचा संपर्क वितळून चिकटला आहे असं धरा. डी आणि एफ यांनी ट्रिप दिला तरी ही फांदी तुटत नाही, कारण डी चिकटलेला आणि ई निरोगी. भट्टी चालूच राहते. आणि नेहमीच्या चाचणीत हा दोष दिसत नाही: एकट्या डीला ट्रिप दिला, रिले खट्‌कन सुटला, दिवा लागला, ई-एफने क्लच धरून ठेवला, शीटवर "ठीक" लिहिलं. दोष पकडायचा तर प्रत्येक फांदीचा प्रवाह वेगळा मोजला पाहिजे. डीच्या चाचणीत डी-ई आणि एफ-डी या दोन्ही फांद्यांचा प्रवाह शून्य झालेला दिसला, तरच चाचणी पास. नव्या पॅनेलच्या मागणीत फांदीनिहाय प्रवाह-मापन पहिल्या दिवसापासून लिहा. नंतर बसवायला जागा मिळत नाही.

देखभालीसाठी एक चॅनेल बाजूला काढताना त्याला ट्रिपमध्ये ठेवा. मग उरलेल्या दोघांपैकी एकानेही ट्रिप दिला की भट्टी बंद होते. निरोगी बाजूला बायपास केलं तर उरलेल्या दोघांचंही एकमत लागतं आणि त्यातलं एक आधीच मेलेलं असेल तर संरक्षण उरतच नाही. ट्रिपमध्ये ठेवल्याने विनाकारण ट्रिपची शक्यता वाढते हे खरं आहे, म्हणून काम थोडक्यात आटोपा. एका वेळी एकच चॅनेल, एकच किल्ली, आणि ती किल्ली शिफ्ट इंजिनिअरकडे.

सप्लाय

२४ व्होल्टचे दोन सप्लाय डायोडने जोडतात. निरीक्षण डायोडच्या आधी, प्रत्येक सप्लायचं वेगळं करा. डायोडनंतर मोजलं तर एक सप्लाय महिनोन्‌महिने मेलेला असूनही २४ व्होल्ट दिसत राहतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण निम्मं होतं, तेव्हा पॅनेलमधला पंखा आणि फिल्टर हेही सुरक्षेचेच भाग समजा. दोन सप्लाय एकाच यूपीएसवर नकोत, आणि शक्यतो एकाच रचनेच्या यूपीएसवरही नकोत. स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात २५ जुलै २००६ रोजी बाहेरच्या स्विचयार्डमधल्या बिघाडाने व्होल्टेज उसळलं आणि चारपैकी दोन यूपीएस एकाच कारणाने बंद पडले.

जोडण्या एकाच दिशेने

ट्रिप चॅनेलमधून माहिती बाहेर जावी, आत काहीही येऊ नये. हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर सोडू नका. ऑप्टिकल फायबरची फक्त पाठवणारी बाजू जोडा, घेणारी बाजू जोडूच नका. फायबरमुळे विद्युत अलगीकरणही आपोआप मिळतं.

नेटवर्कवरच्या गर्दीमुळे काय होतं ते अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्राच्या ३ क्रमांकाच्या भट्टीत १९ ऑगस्ट २००६ रोजी दिसलं. नेटवर्कवर अतोनात वाहतूक झाली, दोन्ही पुनरभिसरण पंपांचे वेग-नियंत्रक निरुत्तर झाले, पंप थांबले आणि भट्टी हाताने बंद करावी लागली. तिथे कुणी हल्ला केलेला नव्हता. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्याच डेव्हिस-बेसी केंद्रात मात्र स्लॅमर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) कंत्राटदाराच्या लाइनवरून फायरवॉलला वळसा घालून आत शिरला आणि सुरक्षा राशी दाखवणारा पडदा जवळपास पाच तास बंद राहिला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हॅच केंद्रात कार्यालयीन बाजूच्या एका संगणकाचं अपडेट झालं, रीबूटमध्ये आकडे पुसले गेले, नियंत्रण यंत्रणेने ते पाणी कमी झाल्याचं लक्षण मानलं आणि भट्टी बंद झाली. तिथे माहिती दोन्ही दिशांनी जुळवून घेतली जात होती. आपल्याकडे २०१९ मध्ये कुडनकुलममध्ये मालवेअर सापडलं ते इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय संगणकात. नियंत्रण यंत्रणा त्यापासून वेगळ्या असल्याचं केंद्र चालवणाऱ्या अणुवीज महामंडळाने (एनपीसीआयएल) जाहीर केलं.

रोजच्या कामात धोका असतो तो देखभालीच्या लॅपटॉपमध्ये. त्या कामापुरताच ठेवलेला, वायफाय मॉड्यूल काढलेला, कुलपात राहणारा लॅपटॉप हवा. पेन ड्राइव्ह वेगळ्या संगणकावर तपासल्याशिवाय पॅनेलच्या खोलीत न्यायचा नाही.

पडदा आणि अलार्म

प्रत्येक मूल्याबरोबर एक धावता गणक पाठवा. पडद्याच्या संगणकाने दोन सेकंदांत गणक हलताना पाहिला नाही तर आकडा पुसून आडवी रेघ दाखवायची. जुना आकडा राखाडी करून ठेवू नका. घाईत माणूस रंग बघत नाही, आकडा वाचतो.

व्हॉल्व्हची स्थिती व्हॉल्व्हवरच्या स्विचवरून दाखवा, दिलेल्या आदेशावरून नको. थ्री माइल आयलंडमध्ये २८ मार्च १९७९ रोजी दिवा सोलेनॉइडचा सप्लाय बंद झाल्याचं सांगत होता, आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला होता. अलार्म छापणारा प्रिंटर त्या दिवशी दोन तासांहून जास्त मागे पडला. त्यासाठी पहिला अलार्म कोणता ते वेगळं दाखवणारी सोय ठेवा, घटनांची नोंद एक मिलिसेकंद विभेदनाने करा, आणि मर्यादेजवळ फडफड होऊ नये म्हणून स्पॅनच्या १ टक्क्याचा डेडबँड (अलार्म लागण्याच्या आणि मिटण्याच्या पातळीतलं अंतर) द्या. आपल्या रेंजमध्ये तो दीड किलो होतो.

बसवणं, समांतर चालवणं, चाचण्या

कारखान्यातल्या चाचणीत ४, ८, १२, १६, २० मिलिअँप चढत्या आणि उतरत्या क्रमाने द्या, शिवाय ३.५ आणि २२ द्या. सेटपॉइंटजवळ ०.०१ मिलिअँपच्या पायऱ्यांनी जा. तेवढी पायरी म्हणजे ०.०९ किलो. मग कार्डं एकेक उपटा, फायबर काढा, सप्लाय हळूहळू खाली आणा. सप्लाय अचानक जाण्यापेक्षा १८-१९ व्होल्टवर रेंगाळतो तेव्हा विचित्र वागणं बाहेर येतं. पॅनेलचं दार उघडं ठेवून वॉकीटॉकीची चाचणी घ्या आणि जिथे परिणाम दिसतो त्या अंतराच्या बाहेर जमिनीवर पट्टा आखा.

जागेवर केबलची इन्सुलेशन चाचणी मेगरने करताना दोन्ही टोकं सोडलेली आहेत हे स्वतः बघा. मेगरचे ५०० व्होल्ट कार्डावर गेले तर कार्ड लगेच मरेलच असं नाही. अर्धमेलं होऊन सहा महिन्यांनी त्रास देईल.

त्यानंतर नवं चॅनेल जुन्याच्या बाजूला, आउटपुट न जोडता चालवा. निदान एक स्टार्टअप, एक पूर्ण पॉवरचा काळ आणि एक शटडाउन त्यात यायला हवं. दोघांच्या रीडिंगमधला फरक रोज नोंदवा आणि ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेला प्रत्येक फरक कारणासकट बंद करा. "नॉइज असेल" हे कारण धरायचं नाही. बदल शटडाउनमध्ये एकेका चॅनेलचा करा: आधी डी, त्याच्या सर्व चाचण्या पूर्ण, मगच ई.

नंतरच्या नियमित चाचणीत दुरुस्तीपूर्वीचं रीडिंग आधी लिहा, मग हात लावा. आधीच शून्य जुळवून टाकलं तर चॅनेल किती सरकलं होतं ही माहिती कायमची जाते आणि सेटपॉइंटच्या हिशोबातला ०.५ टक्का खरा आहे की नाही ते कधीच कळत नाही.

सुटे भाग पहिल्या ऑर्डरबरोबरच घ्या, प्रोग्राम भरायच्या साधनांसह. साठवलेल्या कार्डांनाही वर्षातून एकदा सप्लाय द्या, कारण पडून राहिलेले कपॅसिटर खराब होतात. बदलायच्या कार्डावर सोल्डरिंग आणि मुलामा कशाचा आहे ते विचारा: अमेरिकेतल्या मिलस्टोन केंद्राच्या ३ क्रमांकाच्या भट्टीत एप्रिल २००५ मध्ये संरक्षण यंत्रणेच्या कार्डावर कथिलाचा केसासारखा तंतू वाढला, दोन बिंदू जुळले आणि भट्टी ट्रिप झाली. शुद्ध कथिलाचा मुलामा असलेली कार्डं भिंगाखाली, तिरप्या उजेडात तपासा. सरळ उजेडात तो तंतू दिसत नाही.